किळस नव्हती

फरशीच्या कामात मिस्त्रीचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. त्याने बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती जागची हलायची नाही, असं लोक म्हणत. त्याला बोलायला मात्र फारसं आवडत नसे. कामावर तोंडात खडूचा तुकडा धरायची त्याला सवय होती, आणि काही विचारलं की तो खडू दातांत तसाच ठेवून मान हलवायचा. बायको म्हणायची, "तुमच्या तोंडातून शब्द काढायला छिन्नी-हातोडीच लागते."

ती घरातच पाळणाघर चालवायची. पुढच्या खोलीत दिवसभर दहा-बारा पोरांचा धुडगूस असायचा आणि संध्याकाळी पोरं गेली की घर एकदम मोठं वाटायचं. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती. आता कुठे दोघांना एकमेकांसाठी वेळ मिळायला लागला होता, आणि नेमकं त्याच सुमारास ते सुरू झालं.

पहिल्यांदा झालं ते एका सुट्टीच्या दुपारी. दोघं जवळ आली, आणि ऐनवेळी त्याच्या शरीराने साथच दिली नाही. "दमलात तुम्ही," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. तिच्या लेखी विषय तिथेच संपला होता. मिस्त्रीने मात्र हाय खाल्ली. पुढच्या वेळी पुन्हा तेच झालं. मग तो वेळ मारून न्यायला शिकला. कधी जेवणानंतर बातम्या लावून बसायचा, कधी पाठ धरली म्हणायचा, तर कधी ती आवराआवर करून येईपर्यंत भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचा.

त्याच्या मनात एक जुना सलही होता. तरुणपणी कामाच्या जागी सगळे गडी हौदावर एकत्र आंघोळ करायचे. तिथे एकाने त्याच्याकडे बघून म्हटलं होतं, "देवाने तुझ्या वेळी माप कमी घेतलं वाटतं." सगळे पोट धरून हसले. मिस्त्रीही हसला. पण त्या दिवसापासून तो सगळ्यांच्या शेवटी, अंगावर पंचा ठेवूनच आंघोळ करायला लागला. लग्नानंतर बायकोने कधी तसं काही म्हटलं नाही आणि ती गोष्ट मागे पडली होती. आता ती उकरून वर आली. आधीच बेताचं, त्यात आता हेही गेलं, असं त्याच्या डोक्यात दिवसभर घोळायचं. चौकोनी फरशीचा काटकोन जुळवताना त्याचा हात थांबायचा.

कामावरच्या वायरमनला त्याने एकदा आडून विचारलं. 'माझा एक मावसभाऊ आहे' अशी सुरुवात केली. वायरमन डोळे मिचकावून म्हणाला, "मावसभावाला सांग, माझ्याकडे जालीम तेल आहे." त्या तेलाने नुसती आग झाली. नंतर त्याने दिलेल्या गोळीने छाती इतकी धडधडली की मिस्त्री जिन्यातच बसून राहिला. आपण आता मरणार, आणि कशाने मेलो हे लोकांना कळणार, या धास्तीने त्याला घाम फुटला.

त्यानंतर बायकोच्या छातीत गाठ सापडली.

तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं, डावा स्तन काढावा लागला, मग केमोने डोक्यावरचे केस गेले. मिस्त्रीने त्या दिवसांत काही म्हणता काही कमी पडू दिलं नाही. स्वयंपाक केला, औषधं सांभाळली, पोरांच्या आयांना समजावलं. डॉक्टरांनी सांगितलं, "काही महिने त्यांना पूर्ण विश्रांती हवी, नवरा-बायकोचं सध्या नको." ते ऐकून मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. आता कारण शोधायला नको. दुसऱ्याच क्षणी आपल्याला काय वाटलं हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की बायकोच्या खाटेकडे बघवेना.

ती हळूहळू बरी झाली. डोक्यावर केस परत आले, पाळणाघर पुन्हा सुरू झालं. आणि एका दुपारी, पडद्यातून ऊन आत येत असताना, ती आपणहून त्याच्याजवळ आली. ब्लाउजची बटणं तिने स्वतःच काढली. ऑपरेशनची जागा त्याने मलमपट्टीच्या वेळी लांबून पाहिली होती, इतक्या जवळून नव्हती. त्याला काहीच वाटलं नाही. खरं तर तो तिकडे बघतच नव्हता. आता पुन्हा तेच होणार, एवढी एकच भीती त्याच्या डोक्यात होती. आणि तसंच झालं. त्याने मान फिरवली.

तिने बटणं पुन्हा लावली. मग पदर ओढून घेत म्हणाली, "मला वाटलंच होतं."

"नाही गं, तसं काही नाही."

"मग कसं आहे?"

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. वाक्य अगदी लहान होतं. तुझ्यामुळे नाही, हे माझंच आहे आणि तुझ्या आजाराच्या आधीपासूनचं आहे. पण तो कंबरेवर हात ठेवून उठला. "कंबर धरलीय," तो म्हणाला.

"असू द्या," ती म्हणाली. "कुणालाही वाटेल. मलाच बघवत नाही, तर तुम्हाला कसं बघवेल?"

मिस्त्री शर्ट चढवायला लागला. आपली नामुष्की सांगण्यापेक्षा तिचा गैरसमज त्याला सोपा वाटला. तो गैरसमज तिला किती महागात पडेल, याचा हिशेब त्याने त्या दुपारी केला नाही.

पोरं सकाळी लवकर येतात, असं सांगून तिने आपलं अंथरूण पुढच्या खोलीत नेलं. सैल, गळाबंद कपडे शिवून घेतले. न्हाणीघरातला आरसा काढून टाका म्हणाली, तेव्हा त्याने का म्हणून विचारलं नाही. आरसा काढला आणि त्या जागी फरशी बसवून दिली. फरशी छान बसली आहे, असं ती म्हणाली. दोघं एकमेकांशी चांगलं बोलायची, एका ताटात वाढलेलं आवडीने खायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय गुण्यागोविंदाने नांदतात.

काही वर्षं अशीच गेली. मिस्त्रीच्या गुडघ्याला फरशीच्या काठाने झालेली जखम भरेना म्हणून तो दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाई मुलीच्या वयाच्या होत्या. साखर भरपूर वाढलेली निघाली. "ही आजची नाही, बऱ्याच वर्षांची असणार," त्या म्हणाल्या. मग कागदावरून नजर न उचलता त्यांनी सहज विचारलं, "लिंगाला ताठरता येत नाही, असा त्रास आहे?"

मिस्त्रीचे कान तापले. पण इतक्या साध्या आवाजात कुणी विचारलंच नव्हतं. तो "हो" म्हणाला, आणि तोंडाचं कुलूप निघाल्यासारखं बाकीचंही बोलून गेला. त्या हौदावरचंसुद्धा.

"साखरेने असं पुष्कळ पुरुषांना होतं," त्या म्हणाल्या. "उपाय आहेत." तपासून झाल्यावर म्हणाल्या, "आणि मापाचं म्हणाल, तर चारचौघांसारखंच आहे. उगाच जन्मभर ओझं वाहिलंत. पुढच्या वेळी बायकोला घेऊन या."

आज सांगायचंच, असं ठरवून तो घरी आला. तेव्हा एका पोराला ताप होता आणि बायको त्याला मांडीवर घेऊन बसली होती. उद्या सांगू म्हणाला. उद्या दुसरं काही निघालं. आता इतक्या उशिरा सांगितलं तर 'इतके दिवस गप्प का होतात' असं ती विचारेल, ही नवीन भीती आली. तो ढकलत राहिला, आणि बायकोचं दुखणं उलटलं. या वेळी ते हाडांत शिरलं होतं.

मुलगी आईजवळ येऊन राहिली. एका सकाळी मिस्त्री गरम पाणी आणि टॉवेल घेऊन खोलीत निघाला, तर तिने त्याला दारातच अडवलं.

"बाबा, मी पुसते आईला. तुम्ही नका."

"अगं, तू रात्रभर जागी आहेस. दे मला."

"आई नको म्हणते." ती घुटमळली. "ती म्हणते, त्यांना माझी किळस येते. माणूस चांगला आहे म्हणून बोलून दाखवत नाही. त्यांना त्रास देऊ नकोस म्हणाली."

मिस्त्रीच्या हातातलं भांडं लवंडलं. त्याने ते उचललं, पाणी पुसलं आणि मुलीला म्हणाला, "तू जरा बाहेर बस."

तो खाटेजवळ गेला आणि कामावर बसतो तसा जमिनीवर गुडघे टेकून बसला. सगळं सांगितलं. ती पहिली दुपार, तेल, गोळी, साखर. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली तेव्हा आपल्याला हायसं वाटलं होतं, तेही सांगितलं. ती छताकडे बघत ऐकत होती.

"म्हणजे ऑपरेशनच्या आधीपासून?"

"हो."

"माझ्यामुळे नाही?"

"नाही."

तिला धाप लागली. श्वास सावरत ती म्हणाली, "मी डोळे मिटून नुसतं अंगावर पाणी ओतत होते. इतकी वर्षं. आपला हात आपल्याला लागू नये म्हणून. आणि तुम्ही पलीकडच्या खोलीत बसून होतात."

त्याने तिचं सरकलेलं पांघरूण वर ओढायला हात पुढे केला.

"जा आता," ती म्हणाली.

पुढचे काही दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. मुलीच्या हातून खायची, तो आत आला की डोळे मिटायची. मिस्त्री दाराबाहेर स्टूल टाकून बसायचा. कामावर जायचा नाही. मुलगी म्हणाली, बाबा, तिला नका सतावू. तो म्हणाला, मी काही करत नाही, नुसता बसतो.

मग एक दिवस मुलगी औषध आणायला गेली होती, तेव्हा आतून हाक आली. तो गेला.

"पाणी आणा," ती म्हणाली. "पुसून द्या मला."

त्याने कोमट पाणी आणलं. गाऊनची बटणं काढली. मानेपासून सुरुवात केली, मग खांदा, मग ती आडवी, आवळून शिवल्यासारखी जागा. तिथे त्याने हात हलका केला. काखेपाशी कातडी ओढलेली होती, तिथे टॉवेल टेकवून धरला. त्याने मान वर केली तर ती त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"खाली बघू नका," ती म्हणाली. "मला तुमचं तोंड बघू द्या."

त्याने तोंड वर ठेवलं. हात आपोआप चालत राहिला. त्याच्या तोंडावर तिला काय दिसलं ते त्याला कधीच कळलं नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "पाणी गार झालंय. दुसरं आणा."

त्यानंतर ती गेली तोवर रोज तोच पुसायचा. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. सांत्वनाला आलेल्या बायका मुलीजवळ म्हणाल्या, शेवटी शेवटी नवऱ्याने किती केलं तिचं, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. मिस्त्री तिथेच होता. तो उठून न्हाणीघरात गेला आणि दार लावून घेऊन, आरशाच्या जागी बसवलेल्या फरशीसमोर उभा राहिला.