वरील इसमाचे कुटुंब

‘कुटुंब’ या शब्दाचा एक अर्थ दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत ‘बायको’ असा होता, यावर माझा निबंध आहे, सत्तावीस तळटीपांचा. विद्वानांनी त्याची वाखाणणी केली. आमच्या स्वतःच्या दगडापाशी मात्र त्यातली एकही तळटीप माझ्या उपयोगी पडली नाही.

दफनभूमीचा जुना भाग सपाट करायचे ठरले होते. महिनाअखेरपर्यंत वारसाने अर्ज केला तर कबर राहील, नाहीतर तीही मोडली जाईल, अशी नोटीस फाटकावर होती. मी आजोबांच्या कबरीसाठी गेले. आमच्या घराण्याचा इतिहास मी लिहीत होते. त्यात चार पिढ्यांचे पुरुष तारखांसह हजर होते आणि आजीच्या वाट्याला एकच ओळ आली होती: ‘घर सोडून गेली.’ माहिती बाबांची. ते तीन वर्षांचे असताना वडील वारले, आई टाकून गेली आणि आत्याने त्यांना वाढवले. दरवर्षी ते वडिलांच्या कबरीवरचे गवत उपटत आणि निघताना म्हणत, “बाप निदान जागेवर सापडतो.”

दगडावर लिहिले होते: ‘यांची व यांच्या कुटुंबाची ही विश्रांतीची जागा.’ वर आजोबांचे नाव. राखणदार टेप घेऊन जागा मोजत होता.

“दोघांना मिळून एकच अर्ज करा,” तो म्हणाला.

“दोघं कोण?”

“तुमचे आजोबा आणि आजी.”

“आजी इथे नाही. कुटुंबाची म्हणजे घरातल्या सगळ्यांची जागा, असं आहे ते.”

“सगळे मावणार कुठे, मॅडम? जागा दोघांचीच आहे.” त्याने टेप गुंडाळली. “कुटुंब म्हणजे बायको. आमचा आजा म्हणायचा ना, कुटुंब माहेरी गेलंय, आज चहा मिळायचा नाही. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला कसं ठाऊक असणार?”

टोमणा नव्हता, म्हणूनच वर्मी लागला.

कार्यालयात जुने रजिस्टर उघडून घेतले. पंधरा तारखेला आजोबांचे संपूर्ण नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, धंदा, वय, ताप. तीन दिवसांनी, त्याच हस्ताक्षरात: ‘वरील इसमाचे कुटुंब. ताप.’ वय नाही, नाव नाही. इतक्या मितभाषी शैलीबद्दल त्या लेखनिकाला माझ्या विभागाने सहज पदवी दिली असती.

बाबा खिडकीशी बसून रेडिओचे सेल बदलत होते. मी सगळे सांगितले. त्यांनी सेल उलटे घातले, काढले, पुन्हा उलटेच घातले.

“सोडून गेली, हे तुम्हाला कोण म्हणालं?” मी विचारले.

“आत्या. मी विचारलं, आई कुठाय? म्हणाली, गेली.”

“बाबा, गेली म्हणजे…”

“कळलं मला.” त्यांनी रेडिओ बाजूला ठेवला. “मी दारात बसायचो. गेलेलं माणूस येतं ना परत.”

“आत्यानं नंतर तरी सांगायचं होतं.”

“आली होती सांगायला. मी तेव्हा कॉलेजात. म्हणाली, तुझ्या आईचं जरा बोलायचंय. मी ताटावरून उठलो. तिचा विषय काढलास तर हे घर सोडीन म्हटलं. पुन्हा नाही काढला तिने.” ते किंचित हसले. “बाणेदार वाटलो होतो स्वतःला.”

राग काढायला मला आत्या हवी होती. तीही हातची गेली.

अर्जात मृत व्यक्तींच्या नावांचे दोन रकाने होते. पहिला मी भरला.

“नाव काय होतं तिचं?”

“मला काय विचारतेस? घरात संशोधक तू.”

आत्याला जाऊन तीस वर्षे झाली होती. आजीच्या माहेरचे कोण, कुठले, हे विचारायलाही कोणी उरले नव्हते. अखेर त्या रकान्यात मी, आयुष्यभर ज्याची चिरफाड केली तो शब्द, सुवाच्य अक्षरात लिहिला: कुटुंब. ‘मृताशी नाते’ या रकान्यापाशी बाबांचा पेन थांबला. मग त्यांनी ‘मुलगा’ लिहिले आणि कागद माझ्याकडे न बघता सरकवला.

कारकुनाने अर्ज वाचला.

“हे नाव नाही, मॅडम. आजोबांचं मंजूर होईल. पण दगडाऐवजी आता नवीन पाटी बसते, तिच्यावर नुसतं नाव येतं. जुना मजकूर राहत नाही.”

“मग जुना दगडच ठेवा.”

“तसा नियम नाही. त्यांचं नाव आणा, दोघांची पाटी करू.”

“तीस तारखेपर्यंत?”

“तीसला सुट्टी आहे. एकोणतीस धरा.”

मी अर्ज परत घेतला नाही. त्याने तो ‘अपूर्ण’ लिहिलेल्या गठ्ठ्यावर ठेवला. त्याखालच्या अर्जाची कड बाहेर आली होती. त्यावरही पहिले नाव ठसठशीत होते आणि दुसरा रकाना कोरा.