उलट्या पावलांचा जिना

आमच्या लार्कस्पर भगिनी मंडळात, म्हणजे एका घरात राहणाऱ्या कॉलेजच्या मुलींच्या मंडळात, यायचं तर नव्या मुलीने हातात मेणबत्ती धरून, तोंडातून अवाक्षर न काढता, जिना उलट्या पावलांनी उतरायचा असतो. कारण दिवाणखान्यात चौकट करून लावलेलं आहे: कॉलेजच्या डीनबाईंनी घराबाहेर काढलं तेव्हा आमच्या संस्थापिका अशाच उतरल्या, घराकडे त्यांनी पाठ फिरवली नाही. ओहायोतल्या आमच्या गावाला दुसरा इतिहास नाही, म्हणून हा आम्ही पुरवून पुरवून वापरतो. एके काळी मीही अशीच उतरले. आता घराची देखरेख माझ्याकडे आहे, आणि कोण कशावर डोळे पुसतं हे मनात टिपून ठेवायची खोडही.

त्या वर्षी इंग्रिड अर्ध्या जिन्यात अडखळली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मसणात जावो ही पायरी."

बोलली ती बाद, असा नियम. इंग्रिड तर वसतिगृहातली खोली सोडून आली होती, तिचं सामान आमच्या पडवीत पडलं होतं. खाली येऊन ती तशीच उभी राहिली. मेणबत्ती विझवायची की नाही, हेही तिला कोणी सांगेना.

समोरच विल्मा ट्रॅस्क बसल्या होत्या. संस्थापिकांपैकी हयात एवढ्या एकच, नव्वदी ओलांडलेल्या, लग्नानंतर या घरी पहिल्यांदाच आलेल्या. अध्यक्ष मॅलरीने मोठ्या अदबीने त्यांनाच निकाल विचारला.

"अगं, बरोबर केलं ते हिनंच," विल्मा म्हणाल्या. "घर सोडताना आम्ही सोफा उतरवत होतो. खालचं टोक माझ्याकडे, म्हणून मी उलटी. आणि गप्प कोण होतं? घरमालकिणीच्या सात पिढ्या उद्धरल्या आम्ही."

डीनबाई आल्याच नव्हत्या. मेणबत्ती होती, कारण दिवा गेला होता. बाकीचं त्यांच्यातल्या एकीने मागाहून रचलं. तिला कादंबरी लिहायची होती, ती काही जमली नाही.

मॅलरी पुढे वकील होणार होती. ती गोड आवाजात म्हणाली, "मिसेस ट्रॅस्क, तुमचा मान मोठाच. पण बोलत उतरलात म्हणजे नियमाने तुम्ही सदस्यच होत नाही. तुमचं मत कसं धरायचं?"

"नको धरूस, बाई. त्या दिवशी सोफा धरायला कोणी असतं तर बरं झालं असतं."

मग मुली स्वयंपाकघरात दार लावून बसल्या. बाहेर बटाट्याचं कॅसरोल गार झालं. इंग्रिडला काढायचं तर संस्थापिकेलाही काढावं लागतं, आणि तिचा फोटो तर मंडळ दर वर्षी आठवण म्हणून काढतं त्या प्रत्येक बशीवर छापलेला. शेवटी ठरलं की इंग्रिडने लोप पावलेली मूळ परंपरा पुन्हा उजेडात आणली. तिचं सामान वर गेलं.

पुढच्या वर्षीपासून अर्ध्या जिन्यात थांबून ते वाक्य स्पष्ट म्हणायचं ठरलं. पाद्र्याची मुलगी प्रूडन्स त्या पायरीवर उभी राहिली, मेण बोटांवर ओघळलं, पण शब्द काही फुटेना. मी हळूच म्हटलं, जाऊ द्या. नव्या अध्यक्षीणबाई म्हणजे इंग्रिड. तिचे डोळे भरून आले.

"असं कसं जाऊ द्यायचं, ताई? विल्मांनी काय काय सोसलं!"

प्रूडन्सची ट्रंक पडवीतून परत न्यायची वेळ आली, तेव्हा ती जड निघाली. खालचं टोक इंग्रिडने धरलं, आणि पडवीच्या पायऱ्या ती उलट्या पावलांनी, एक शब्दही न बोलता उतरली.