गुडघ्यांचं कारण

माणूस आपल्या मर्यादा ओलांडतो तेव्हाच त्याला स्वतःचं खरं रूप दिसतं, असं स्पर्धेच्या कमानीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे उत्तम घाडीगावकरांना आपलं खरं रूप दिसलं. ते प्लास्टिकच्या खुर्चीतून उठू न शकणाऱ्या गृहस्थाचं होतं. दोघा स्वयंसेवकांनी बगलेत हात घालून त्यांना उभं केलं, तेव्हा खुर्चीही त्यांच्याबरोबर चार पावलं चालत आली.

तीन दिवस धावायचं, रोज चाळीस किलोमीटर. टिटवाळ्यापासून आंबिवलीच्या मागच्या टेकड्या आणि भातशेतं, आणि सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. म्हणजे पाऊस निघालेला, पण आपलं सामान इथेच ठेवून गेलेला. पहिल्या दिवशी चिखल बुटांना लागला. दुसऱ्या दिवशी घाडीगावकरच चिखलाला लागले होते.

अठ्ठावन्नाव्या वर्षी हे कशासाठी, असा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर नौपाड्यात होतं.

नौपाड्यातल्या अठ्ठावीस बिऱ्हाडांच्या मधुमालती सोसायटीचे घाडीगावकर आठ वर्षं सेक्रेटरी होते. पहिल्यांदा ते निवडून आले, तेव्हा सभेतून पाणी प्यायला उठले होते. परत आले तो टाळ्या चालू होत्या. तेव्हापासून गळती, पार्किंग, कबुतरं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या कुंड्या हे चारी पुरुषार्थ त्यांच्याकडे होते. मधुमालतीत या पदावरून सुटण्याचे दोनच मार्ग मान्य होते: मृत्यू आणि वैद्यकीय कारण. पहिला वापरून पाहण्याची त्यांना घाई नव्हती. म्हणून त्यांनी यंदा रीतसर पत्र दिलं. गुडघे गेले आहेत, श्रम वर्ज्य आहेत, तरी मुक्त करावं. वार्षिक सभा रविवारी होती. त्या दिवशी आपण कोकणात वैद्याकडे तेल लावून घेत आहोत, असं सांगायची जबाबदारी त्यांनी पत्नीवर, रसिकाबाईंवर सोपवली, आणि आपण स्पर्धेला आले. वर्षभर पहाटे पाचला तलावपाळीला चोरून फेऱ्या मारल्या होत्या, त्या वाया जाऊ नयेत एवढाच हेतू. शिवाय टेकड्यांत रेंज नसेल.

रेंज उत्तम होती.

एकोणिसाव्या किलोमीटरला, काळुरामच्या शेतातल्या थांब्यावर ते पोचले तेव्हा सव्वादहा वाजले होते. मार्ग काळुरामच्या जमिनीतून जात होता, म्हणून सरबताचं टेबल त्याच्याकडे होतं आणि टेबलामागची खुर्चीही. साठीचा माणूस, पायात रबरी चपला, चिखलाचा एक थेंब अंगावर नाही.

"बसा, सायेब," तो म्हणाला.

"बसलो तर उठायचा नाही."

"मग नका उठू. ती जीप हाय ना. आतापरत नऊ जणं बसून गेली. नाव खोडायचं आन् सीटवर बसायचं."

घाडीगावकरांनी जीपकडे पाहिलं. सीट कोरडी होती. जगात अजून कोरड्या गोष्टी शिल्लक आहेत, हे त्यांच्या ध्यानातून गेलं होतं. मांड्या लाकडाच्या झाल्या होत्या, डाव्या पायाचा अंगठा आपला आहे की चिखलातला एखादा दगड आत आलाय, ते कळत नव्हतं. त्यांनी उकडलेल्या बटाट्याला मीठ लावलं, आणि फोन वाजला.

"अहो," रसिकाबाई कुजबुजल्या. "तुमचा फोटो आलाय."

"कुठे?"

"सगळीकडे. स्पर्धावाल्यांनी टाकला, तळमजल्यावरच्या बंटीला दिसला, त्यानं सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. दोन्ही हात वर आहेत आणि हसताय. लग्नाच्या अल्बममध्ये कुठे एवढे हसलात?"

"तू काय म्हणालीस?"

"वैद्यानंच सांगितलं असेल धावायला, म्हटलं. कुणी ऐकेना. थांबा, मंदाकिनीबाई फोन मागतायत."

मंदाकिनीबाई सोसायटीच्या अध्यक्षा. त्याआधी तीस वर्षं मुख्याध्यापिका, आणि निवृत्ती फक्त कागदावर. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. मागे पंख्याची घरघर आणि वेफर्सची पाकिटं फुटल्याचे आवाज आले.

"घाडीगावकर, गुडघे कसे आहेत?"

"दुखतायत, बाई."

"किती किलोमीटर दुखतायत?"

सभेत हशा झाला. घाडीगावकर म्हणाले, कालचे चाळीस आणि आजचे एकोणीस, पण त्रास खरा आहे, उभंही राहवत नाही.

"नाय नाय," काळुराम फोनकडे वाकून मदतीला धावला. "गुडघं एक नंबर हायत सायबांचं. ह्या बाजूची अख्खी टेकडी चढून आलेत. मी बघितलंय."

"हे कोण?"

"जमीनमालक," घाडीगावकर थकून म्हणाले.

"हे बघा," मंदाकिनीबाई म्हणाल्या, "आम्ही काही राक्षस नाही. दुसरा कुणी उभा राहत नाही, तो विषय वेगळा. तुमचे गुडघे खरोखर गेले असतील, तर आत्ता स्पर्धा सोडा, गाडीत बसा, आणि बसलेला फोटो पाठवा. सभा तुम्हाला मुक्त करील. आणि धावणार असाल, तर धावणारा माणूस जिनेही चढू शकतो. पाच मिनिटं चहाला सुट्टी देते. ठरवा."

एवढा स्वस्त सौदा आठ वर्षांत कुणी दिला नव्हता. एक फोटो, आणि कबुतरं दुसऱ्याची. घाडीगावकर जीपपर्यंत गेले. ड्रायव्हरनं सीटवर वर्तमानपत्र अंथरलं. त्यांनी एक पाय पायरीवर ठेवला. तो वर गेला. मग दुसऱ्या पायाची वाट बघत ते तसेच उभे राहिले.

समोर काळुरामचं पिवळं पडत चाललेलं भात, बांधावर लाल फिती, आणि पुढे टेकडीपर्यंत नुसता राडा. या राड्याबद्दल आठ वर्षांत कुणाची लेखी तक्रार आली नव्हती. तो कुणाच्या पार्किंगमध्ये येत नव्हता. अठ्ठावीस बिऱ्हाडांतल्या एकालाही यातला एक किलोमीटर नको होता. म्हणजे आजवर मिळालेलं हे एकच काम पूर्णपणे त्यांचं होतं, आणि ते अर्धवट सोडलं तरच बाकीच्यांची कामं सुटणार होती. त्यांना भयंकर झोप आली.

"बसताय ना?" ड्रायव्हरनं विचारलं.

"नाही," घाडीगावकर म्हणाले, आणि स्वतःच्याच आवाजाचा त्यांना राग आला. पाय खाली उतरवायला चढवण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

काळुरामनं त्यांच्या हातात आणखी एक बटाटा दिला. "मंग? जाताय?"

"जातो."

"पुढं वढा हाय. लई चिखल."

"असू दे."

ते बांधावर चढले, दोनदा घसरले, आणि तिसऱ्यांदा घसरणं हीच चाल धरून पुढे निघाले. ओढ्याशी मांडीपर्यंत रुतले असताना फोन वाजला. चिखलाच्या बोटानं त्यांनी तो उचलला.

"मी धावतोय, बाई," ते म्हणाले.

"कळलं. ऐकू येतंय." मागून टाळ्यांचा कडकडाट झाला. "एकमतानं. नवव्यांदा. अभिनंदन."

घाडीगावकरांनी एक पाय उपसला. पायाखालून चिखल जड, ओला सुस्कारा टाकत होता, तेवढाच त्यांच्या वतीनं बोलला.

"आणि घाडीगावकर, उद्या घरी याल ना, तर चारही मजले जिन्यानं चढा. लिफ्ट आजच पुसून घेतली आहे."