दाढदुखीच्या माणसासाठी तळं

माझ्या मेहुण्याला घरात सगळे फोकस म्हणतात. तो निसर्गाचे फोटो काढतो आणि निसर्गाने आजवर त्याबद्दल तक्रार केलेली नाही. बाकीच्यांनी केली आहे. त्याचा एक सूर्यास्त पाहून त्याच्या सख्ख्या बहिणीने विचारलं होतं, "आग कुठे लागली होती रे? कुणाला भाजलं-बिजलं नाही ना?"

ही बहीण म्हणजे माझी बायको. दातांची डॉक्टर. नोकरीतून मोकळा झाल्यापासून मी तिच्या दवाखान्यात काउंटरवर बसतो. नंबर देतो आणि "फार दुखणार नाही" असं सांगतो, कारण ते सांगायला पदवी लागत नाही. दवाखान्यात मी तिला डॉक्टर म्हणतो. घरीही तेच सुरक्षित आहे.

बाहेरच्या खोलीला नवा रंग दिला आणि बाकड्यांसमोरची भिंत रिकामी झाली. टूथपेस्ट कंपनीने तिथे लावायला एक धबधबा फुकट पाठवला, फ्रेमसकट, खाली कंपनीचं नाव. त्याच संध्याकाळी फोकस आला. भिंत पाहून त्याचा चेहरा मोकळा प्लॉट दिसलेल्या बिल्डरसारखा झाला.

"ताई, ही भिंत मला दे. वीस वर्षं फोटो काढतोय, एकही कधी परक्याच्या नजरेसमोर टांगला गेला नाही."

"परक्यांचं सोड. तुझ्या बायकोने सगळे कपाटामागे टाकलेत."

हे खरं असल्यामुळे तो भिंतीची लांबी वितीने मोजायला लागला. डॉक्टरला जरा वाईट वाटलं असावं. "महिनाभर लाव," ती म्हणाली. "पेशंटांनी पाहिलं तर राहील. नाहीतर धबधबा."

त्याने तळं लावलं. कॉम्प्युटरवर रंगाचे जेवढे स्लायडर असतात तेवढे त्याने उजव्या टोकाला नेऊन ठेवले होते. पाणी जांभळं, गवत पोपटालाही पटणार नाही असं हिरवं. पहिल्याच सकाळी गालाला रुमाल बांधलेले एक आजोबा उठले आणि चित्राकडे पाठ करून बसले.

"काय झालं आजोबा?"

"त्या आभाळाने ठणका वाढतोय."

हे मी फोकसला सांगितलं. त्याला राग आला. रात्रभर पुरेल इतका होता, पण सकाळी तो येऊन बाकड्यावर बसला. संशय नको म्हणून गालाला हात लावून.

"कुठली?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"खालची."

"अक्कलदाढ?"

"ती अजून आलेली नाही," मी काउंटरवरून म्हणालो.

दुपारपर्यंत तो लोकांचे डोळे बघत राहिला. मग माझ्याकडे आला. "भाओजी, मोबाइलवर लोक माझा फोटो दोन सेकंद बघतात. तेवढ्यात लक्ष जावं म्हणून मी ओरडत होतो. इथे माणूस तास-तास बसतो, तोही दुखऱ्या दाढेचा. त्याच्या कानाशी तासभर ओरडायचं?"

मेहुण्याकडून असं काही ऐकायची सवय नसल्याने मी त्याला पाणी दिलं.

त्याने त्याच तळ्याचा एक जुना, ढगाळ सकाळचा फोटो बाहेर काढला. 'मेलेला' म्हणून टाकून दिलेला. करडं पाणी, काठाने जाणारी पायवाट, विजेचा एक खांब. मग कामाची एक पद्धतच पडून गेली: घरी चित्रातून थोडं काहीतरी कमी करायचं, प्रिंट काढायची, लावायची आणि गाल धरून बसायचं. समोरच्याचे डोळे मोबाइलकडे वळले की चित्र नापास. खांब पुसून पाहिला, तर बघणाऱ्याची नजर घसरून पाण्यात पडायला लागली. खांब परत आला. एकदा त्याने चित्र इतकं मवाळ केलं की एका बाईंनी काच पुसायला सांगितली. मी पुसली. दुसऱ्या दिवशी रंग थोडे परतले. पलीकडच्या काठावर एक पांढरा ठिपका होता. तो काढ, असं मी सुचवलं.

"नको. तो उशिरा दिसण्यासाठी आहे."

इकडे डॉक्टर वैतागली. "अरे, माझी बदनामी होतेय. लोक विचारतात, त्या गाल धरलेल्या माणसाला अजून गुण कसा नाही?"

महिना संपला त्या दिवशी कंपनीचा माणूस हातोडी घेऊन हजर झाला. बाकडी भरलेली. फोकस आपल्या कोपऱ्यात गाल धरून. या वेळी त्याला खरंच काहीतरी दुखत असावं.

"ती बकरी आहे," चित्रातल्या पलीकडच्या काठाकडे बोट करत एक बसड्रायव्हर म्हणाला.

"दगड आहे. हलत नाही," बाजूच्या मास्तरीणबाई म्हणाल्या.

"बाई, फोटोत बकरी तरी कुठे हलणार?"

"मग बकरी कशावरून?"

"बसलीय तशी. दगड असा बसत नाही."

"आजोबा, तुमचा नंबर," मी हाक मारली. रुमालवाले आजोबा आज चित्रासमोरच बसले होते.

"या बाईंना सोडा आधी," ते नजर न हलवता म्हणाले. "मी जरा त्या काठापर्यंत जाऊन येतो."

फोकसने गालावरचा हात काढला.

बाई हलेनात, ड्रायव्हर हलेना. पेशंट आत का येत नाही हे बघायला डॉक्टर बाहेर आली. इतक्या वर्षांत ती त्या बाकड्यावर कधी बसली नव्हती. आजोबांशेजारी बसली. पायवाटेने गेली, खांबापाशी थांबली, पलीकडे पोचली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो; एरवी ती आमच्या तोंडात बघते.

"बकरीच आहे," ती म्हणाली.

ड्रायव्हरने मांडीवर थाप मारली. कंपनीच्या माणसाने विचारलं, "मॅडम, धबधबा?"

"बाथरूममध्ये लावा. तिथे पाणी कमी येतं."

मग तिने भावाला दंडाला धरून आत नेलं आणि पेशंटच्या खुर्चीवरच्या छताकडे बोट केलं. "लोक इथे आडवे पडतात, आ वासतात आणि तो पंख्याचा रिकामा हुक बघत बसतात. इथे काय लावशील?"

फोकसने बूट काढले, खुर्चीत आडवा झाला आणि तोंड पूर्ण उघडलं. मी वरचा दिवा लावला. हुकाभोवतीच्या पांढऱ्या छतावर तो बराच वेळ डोळ्यांनीच काहीतरी कमी करत राहिला.

आजोबा दारात आले. "लागला वाटतं यांचा नंबर एकदाचा!"

"लागला," मी म्हणालो.