झावळ्यांचा झेंडा

आमच्या बेटांवर एकाच वेळी दोन सरकारं होती तेव्हा मी इंग्रजांच्या पोलिसात होतो आणि माझा मेहुणा इझिदोर फ्रेंचांच्या. कायदे दोन, तुरुंग दोन, दवाखाने दोन. आम्ही मात्र ना इंग्रज ना फ्रेंच. पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच, पण नागरिक कुठलेच नाही. रोज सकाळी गावच्या मैदानात शेजारशेजारच्या दोन खांबांवर आम्ही दोघं दोन झेंडे चढवायचो. एक झेंडा दुसऱ्याच्या वीतभर आधी वर गेला की तक्रार थेट राजधानीत. म्हणून एकमेकांच्या हातांकडे बघत आम्ही दोर ओढायचो. एवढं एकमत त्या दोन सरकारांचं दुसऱ्या कशावर झालेलं मी पाहिलं नाही.

ते मैदान माझ्या गराए मामाचं, त्याच्या वाडवडिलांचं. तिथं नाचायचं, डुक्कर मारायचं आणि मोठेपणाची पायरी चढून नवं नाव घ्यायचं, ही आमची रीत. खांब रोवताना साहेबांनी मामाच्या बापाला विचारलंसुद्धा नव्हतं, आणि तेव्हापासून तिथला नाच बंद. मामा बाकीच्या पायऱ्या लोकांच्या मैदानांवर चढला होता. शेवटची उरली होती आणि ती स्वतःच्याच मैदानावर चढेन, नाहीतर बिननावाचा मरेन, असा त्याचा हट्ट होता.

त्यासाठी त्यानं एक डुक्कर पाळलं होतं. वरचे दात काढलेले, त्यामुळे खालचे सुळे वळत वळत कड्यासारखे गोल झालेले. असल्या डुकराला धड खाता येत नाही. मामा रताळी चावून मऊ करायचा आणि त्याला भरवायचा.

"मला आयुष्यात एक घास भरवला नाही मेल्यानं," मामी म्हणायची.

"तुझे सुळे कुठं वळलेत अजून," मामा म्हणायचा.

मग स्वातंत्र्य आलं. रेडिओवर भाषण झालं, जमिनी ज्यांच्या त्यांना परत मिळणार. मामानं त्याच दिवशी डुक्कर मारायचा सोटा खोबरेल लावून चकचकीत केला. राजधानीतून कालोरिब नावाचा अधिकारी आला. आपलाच माणूस, फक्त इंग्रजांसारखे गुडघ्यापर्यंत मोजे घालायचा आणि फ्रेंचांसारखा दुपारी तासन्‌तास जेवायचा. त्यानं दोन्ही खांब उपटून मधोमध एकच रोवला.

"मैदान तुमचंच, मामा," तो म्हणाला. "झेंडा तेवढा राहील."

दोनाचा एक झाला, हेही काही कमी नाही, असं म्हणून मामानं मान हलवली. कालोरिबनं स्वतःच्या हातानं झेंडा चढवला. वारा आला, कापड उलगडलं. त्यावर डुकराचा गोल सुळा होता आणि सुळ्याच्या आत नामेलेच्या झाडाच्या दोन झावळ्या, एकमेकींवर आडव्या.

सगळं गाव मागं सरलं. पोरं सरली, मेजवानीचा लापलाप भाजायची पानं डोक्यावर घेतलेल्या बायका सरल्या, मी आणि इझिदोरही सरलो. नामेलेच्या दोन झावळ्या जिथं आडव्या लावल्या, तिथं पाऊल टाकायचं नाही. आणि ज्यानं लावल्या, त्यानंच त्या काढायच्या. हे आमच्याकडं तान्ह्या पोरालाही कळतं.

"अहो, चित्र आहे ते," कालोरिब म्हणाला. मैदानात तो एकटाच उभा होता.

"त्या दोन सरकारांनी इतकी वर्षं मैदान अडवलं, पण नामेले लावायची अक्कल त्यांना नव्हती," मामा म्हणाला. "ह्यांना आहे. आपलेच ना."

कालोरिब हसत बोटीत बसून गेला. झेंडा उतरवायला कुणी धजेना. तो रात्रंदिवस वरच राहिला. पावसाळा गेला, वादळ गेलं. कापडाच्या चिंध्या झाल्या, पण झावळ्या नेमक्या शाबूत राहिल्या. इकडे डुकराचा सुळा जबड्यात रुतायला लागला आणि मामाचा खोकला वाढला. दोघांपैकी आधी कोण जाणार, याची मला धास्ती होती.

"मामा, शाई आहे रे ती नुसती," मी एकदा म्हणालो.

"इंग्रजांच्या कायद्यात तरी दुसरं काय होतं? आयुष्यभर सलाम ठोकलास ना त्याला?"



शेवटी चिंध्यांची बातमी राजधानीला पोचली. देशाचा अपमान! कालोरिब नवाकोरा झेंडा घेऊन तणतणत आला. कुणी मैदानात शिरेना, तेव्हा त्यानंच जुना झेंडा उतरवला, घडी केली आणि आम्हाला हाक मारली. "या रे, तुम्हाला सवय आहे. बांधा हा."

आता आत जायला हरकत नव्हती. मी दोर हातात घेतला आणि सहज कडेला पाहिलं. मामा उभा होता, एका हातात सोटा, दुसऱ्या हातात डुकराची दोरी. सकाळी बोट दिसल्यापासूनच तो तिथं होता. इझिदोरनं माझ्याकडं पाहिलं. दोराला गाठ पडलीच.

"काय चाललंय?" कालोरिब म्हणाला.

"समान करतोय, साहेब."

"कुणाशी समान? एकच झेंडा आहे!"

"सवय जात नाही, साहेब," इझिदोर म्हणाला आणि त्यानं दुसरी गाठ मारली.

तोवर मामा मैदानाच्या मध्यावर पोचला होता. एकाच घावात डुक्कर आडवं झालं. मामाच्या थोरल्या पोरानं शंख फुंकला. मामानं आपलं नवं नाव मोठ्यानं उच्चारलं आणि थरथरत्या पायांनी रिकाम्या खांबाभोवती एक फेरी नाचला. मला रडू आवरेना. इझिदोर तर उघडउघड रडत होता.

"हं, आता लाव," मामा म्हणाला. "नाही, थांब. आधी डुक्कर बाहेर काढू दे."

नवा झेंडा दोन्ही हातांवर धरून कालोरिब थांबला. डुक्कर निघालं, मामा निघाला. झेंडा चढताच आम्हीही मागं सरत बाहेर आलो.

रीतीप्रमाणे पाहुण्याला मागची तंगडी मिळाली. मैदानाच्या कडेला बसून हाडूक चोखता चोखता कालोरिबचा राग जरा निवला.

"मैदान तुमचंच होतं ना, मामा," तो म्हणाला. "मग एवढी घाई कसली?"

मामानं वर फडफडणाऱ्या नव्या झावळ्यांकडं पाहिलं.

"रिकामं फार वेळ राहत नाही रे ते."