दिवंगत ओबेद टॅबर

"डोळ्यांचं नाही लिहायचं," केझायाकाकू पाद्रीबाबांना म्हणाली. "बाकी काय हवं ते लिहा."

पाद्रीबाबा माझ्या दुकानात काकवीच्या पिंपावर फळी टाकून अर्ज लिहायला बसले होते. त्यांनी लेखणी शाईत बुडवली आणि तशीच धरून ठेवली.

"अगं केझाया, नवरा घरात बसलेला असताना त्याची नोकरी बायको मागतेय, हे नव्या राष्ट्राध्यक्षांना पटायचं कसं?"

"ते तुम्ही बघा. एवढं शिकलात कशाला मग?"

फेब्रुवारी होता. मार्चमध्ये नवे राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनला शपथ घेणार होते आणि सगळ्या अमेरिकेला लिहिण्याची बाधा झाली होती. राष्ट्राध्यक्षाच्या नावाने पत्र फुकट जातं हे लोकांना कळलं, मग काय विचारता! आमच्या गल पॉइंटचं टपाल माझ्याच दुकानातून जायचं, म्हणून मला ठाऊक. कुणाला जकातीत चिकटायचं होतं, कुणाला तुरुंगातला भाऊ सोडवायचा होता. ॲमॉस लोहाराने तर देश कसा चालवावा याचे धडेच लिहून धाडले. स्वतःचा भाता त्याला धड चालवता येत नव्हता.

केझायाकाकूची गोष्ट मात्र वेगळी होती. दीपगृहाचा राखणदार नेमायचा तर त्यावर खुद्द राष्ट्राध्यक्षांची सही लागते. ओबेदकाकांना जुन्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेलं. आता नवा पक्ष आला, तसा शेजारच्या गावचा रमचा व्यापारी जेबेझ क्रॉकर याने जावयासाठी अर्ज ठोकला, की राखणदार म्हातारा झालाय, जुन्यांचा माणूस आहे, बदला. जावई असा, की दिवेलागणीला त्यालाच कुणीतरी धरून घरी न्यावं लागे.

त्यात काकांचे डोळे गेलेले. इतकी वर्षं ज्योतीशी आणि बर्फाच्या चकाकीशी झगडून गेले म्हणा. तीन हिवाळे वर चढून दिवा काकूच लावत होती. गोठलेलं देवमाशाचं तेल चुलीवर पातळ करायचं, डबा घेऊन जिना चढायचा, रात्रीतून दोनदा वाती कातरायच्या. गावाला सगळं माहीत होतं आणि गाव गप्प होतं. पण नवा साहेब पाहणीला आला की कळणारच. दीपगृह गेलं की पायथ्याचं घरही जाणार. एकुलता एक मुलगा समुद्राने कधीच नेला होता. ह्या वयात दोघांनी कुणाच्या दारात उभं राहायचं?

म्हणून काकूला नेमणूक स्वतःच्या नावावर हवी होती. पण काका आंधळे झाले, हे कागदावर येऊ द्यायचं नव्हतं. कारण ओबेदकाका म्हणजे ताठ माणूस. टोपी काढायचे ती फक्त चर्चमध्ये. जेबेझ समोर आला तरी टोपी डोक्यावरच. "मी सरकारचा माणूस आहे," म्हणायचे. त्या माणसाचं आंधळेपण वॉशिंग्टनला चव्हाट्यावर मांडणं काकूच्या जिवावर आलं होतं.

पाद्रीबाबांनी शेवटी लिहायला घेतलं. इंग्रजांशी झालेल्या लढाईनंतर त्यांनी आसपासच्या विधवांचे इतके अर्ज लिहिले होते, की एकदा 'ही गरीब बाई' म्हटलं की लेखणी आपली वाट आपणच धरायची. कागद भरला. काकूला वाचता येत नव्हतं.

"डोळ्यांचं नाही ना आलं?" तिने विचारलं.

"एक अक्षर नाही."

रविवारी चर्चमधून सुटल्यावर गावाने सह्या केल्या, लिहिता न येणाऱ्यांनी फुल्या मारल्या. पाद्रीबाबांनी लिहिलेलं कुणी वाचून बघत नाही आमच्याकडे. तो त्यांचा अपमान ठरतो. मीही सही केली, लाख लावली आणि टपालाच्या थैलीत टाकलं.

जूनमध्ये उत्तर आलं. मी पाद्रीबाबांना घेऊन दीपगृहावर गेलो. काकूने मक्याची भाकरी आणि माशांचा रस्सा पुढे ठेवला, हात पुसले आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मी वाचायला लागलो. केझाया टॅबर हिची नेमणूक झाली होती. काकूने डोळे मिटून घेतले. मी पुढची ओळ पाहिली आणि थांबलो.

"वाच की रे लेम," ओबेदकाका म्हणाले.

"दिवंगत राखणदार ओबेद टॅबर यांची विधवा."

 पाद्रीबाबांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"देवा रे," ते म्हणाले. "माझ्या हातून झालं हे. सवयीने. मी आजच दुसरं पत्र लिहितो."

"आणि काय लिहाल?" काका म्हणाले. "म्हातारा जिवंत आहे, फक्त दिसत नाही त्याला? जेबेझचा जावई परवा सामान घेऊन येईल इथं."

"येऊ दे," काकू म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "तुम्ही ढळढळीत समोर बसलायत आणि मी विधवा म्हणून दिवा लावू? मला नको असली नोकरी. डोळ्यांचं लिहू दिलं असतं तर बरं झालं असतं. तुमची लाज राखायला गेले आणि तुम्हाला मारून बसले."

"तू कशाला? राष्ट्राध्यक्षांनी मारलंय, सहीशिक्क्यानिशी. त्यांच्यावर कुठं अपील करायचं?" काका हसले, पण एकटेच. मग हाताने चाचपत त्यांनी तिची बाही धरली. "केझाया, ह्या खडकांवर आपला पोरगा गेला तेव्हा इथं दीपगृह नव्हतं, दिवा नव्हता. तो दिवा त्या दारुड्याच्या हातात द्यायचा? तू दे म्हणत असशील, तर देऊ."

काकूने ते पत्र माझ्या हातातून घेतलं आणि घडी घालून फळीवर ठेवलं.

"मी खोटं बोलायचा नाही, ओबेद," पाद्रीबाबा म्हणाले.

"तुम्ही बोलूच नका. लिहिलंत तेवढं पुष्कळ झालं."

गुरुवारी शपथ द्यायला जकातीचे साहेब आले, दीपगृहं त्यांच्याच खात्याकडे. नवे होते, दुसऱ्या गावचे. गल पॉइंटमधलं कुणी त्यांच्या ओळखीचं नव्हतं. माणूस चांगला होता, तेच अवघड झालं. साक्षीला मी आणि पाद्रीबाबा. काकूने काळं घालावं असं मी आडून सुचवलं होतं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तोंड उघडलं नाही. ती रोजच्या निळ्या झग्यात होती. काका चुलीपाशी बसून वाती कापत होते. टोपी डोक्यावर.

काकूने बायबलवर हात ठेवला आणि दिवा इमानाने सांभाळीन अशी शपथ घेतली. त्यात खोटं काही नव्हतं. साहेबांनी कागद तिच्या हातात दिला.

"तुमच्या यजमानांचं ऐकून वाईट वाटलं, बाई," ते म्हणाले. मग त्यांची नजर चुलीकडे गेली. "आणि हे कोण?"

काकूचा हात अजून बायबलवरच होता.  पाद्रीबाबा खिडकीबाहेर बघत राहिले. 

ओबेदकाका उठले. भिंतीला हात लावून सरळ उभे राहिले आणि डोक्यावरची टोपी काढून त्यांनी छातीशी धरली.

"गडी आहे, साहेब. वाती कापतो, तेल तापवतो. बाईंनी ठेवून घेतलंय."

"गेलेल्या राखणदारांच्या हाताखालीही होतात?"

"होतो ना."

"कसे होते?"



"कामाला बरे होते," काका म्हणाले. "शेवटी शेवटी डोळे गेले होते त्यांचे. पार आंधळे झाले होते. दिवा बाईच लावायच्या. पण ते तेवढं कुणाला सांगू नका. त्यांना आवडायचं नाही."

"नाही सांगणार," साहेब हळू आवाजात म्हणाले. "बाईंना सांभाळा."

"होय, साहेब."

साहेबांची घोडागाडी वळणाआड जाईपर्यंत आम्ही तसेच उभे होतो. पाद्रीबाबा न जेवताच निघून गेले. खाडीवर उन्हं उतरली होती. काकूने तेलाचा डबा उचलला, जिन्यापर्यंत गेली आणि परत आली. काका अजून उभेच होते, टोपी तशीच छातीशी धरून. काकूने ती त्यांच्या हातातून सोडवून घेतली, त्यांच्या डोक्यावर नीट बसवली आणि दिवा लावायला वर गेली.