भेस्तानच्या दवाखान्याचं कुलूप

कागदाची पट्टी उलगडली तेव्हा तिच्यावर सहा खाचा होत्या — बाटलीवर चिकटवायच्या, एकेक खाच म्हणजे औषधाचा एकेक खुराक — आणि मग उखाच्या लक्षात आलं की बाटली नाही, औषध नाही, ते लिहून देणारे डॉक्टर बोरसे जाऊन महिना झाला, आणि आपण मात्र सकाळपासून पट्ट्या कापत बसलोय... एकोणीस वर्षांची कंपाउंडरकी, हात ऐकतात थोडेच.

पलीकडे डॉक्टरांच्या पत्नी सरस्वतीबाई कपाटातली पुस्तकं खोक्यात भरत होत्या. दवाखाना रिकामा करायला त्या धुळ्याहून आल्या होत्या.

भेस्तानला नुसती बाभळ आणि चिखल होता तेव्हा डॉक्टर सायकलला बॅग अडकवून इथं आले. पार पुढच्या सचिन गावापर्यंत दुसरा डॉक्टर नव्हता. यंत्रमागात बोटं सापडलेले कारागीर, अडलेल्या बाळंतिणी, दारू पिऊन पडलेले — सगळ्यांना शिव्या घालत घालत त्यांनी बरं केलं. उखाच्या पोरीला, नूतनला, घटसर्प झाला तेव्हा तीन दिवस तिच्या उशाशी बसले. आणि त्या माणसाला आपण — नको, तिकडे नको.

पण मन तिकडेच जात होतं. प्लेगची आवई उठली, गल्ल्याच्या गल्ल्या गाठोडी घेऊन स्टेशनाकडे पळाल्या, आणि पोरांना गावी सोडून येतो म्हणून उखानं चाचरत विचारलं तर डॉक्टर हसलेच; ते स्वतः कुठंच जाणार नव्हते.

"जाय. मी आठेच शे. दोन दिनमा परत ये मात्र."

बॅग उचलून ते मागच्या दारानं वस्तीत गेले. त्यांची राहायची खोली मागेच होती, दाराचं तोंड खाडीकडे. ते दिसेनासे झाले आणि उखानं दवाखान्याच्या पुढच्या दाराला कुलूप घातलं.

का घातलं? औषधं चोरीला जातील म्हणून — असं त्यानं गाडीत स्वतःला सांगितलं, गावी बायकोला सांगितलं... खोटं, साफ खोटं. दवाखाना उघडा आणि कंपाउंडर गायब, हे वस्तीनं पाहिलं असतं. दवाखानाच बंद दिसला, तर दोघंही गेले असं वाटेल, आणि डॉक्टरच गेले म्हटल्यावर कंपाउंडरला कोण नावं ठेवतं? एवढीशी लाज झाकायची होती मला, दुसरं काही नाही. किल्ली खिशातून गावी गेली. दोन दिवसांचे अकरा झाले. नवव्या दिवशी डॉक्टर मागच्या खोलीत खाटेवर मेलेले सापडले. प्लेग नव्हता, छातीत कळ आली होती — पण लगेच गेले नव्हते. हाक मारली असेल, पाणी मागितलं असेल...

दारात शोभा येऊन उभी राहिली. वस्तीच्या पार टोकाच्या चाळीतली, नांदेडकडची. ती सरस्वतीबाईंशी बोलू लागली, पण रागानं.

"सात रोज माझ्या हातची भाकर खाल्ली त्यांनी, बाई. दोन रोज आले न्हाईत म्हणून भाकर घेऊन आले, तर ह्या दाराला कुलूप. मला वाटलं, गेले गावाला. माघारी फिरले. आन् मग कळतंय, आतच होते! समदे म्हणतात, शेवटाला भ्याले, भाईरून कुलूप लावून मागच्या खोलीत लपून बसले. सांगायचं तरी हुतं. मी काय परकी हुते का?"

ती डोळे पुसत निघून गेली. सरस्वतीबाईंचे हात खोक्यातच थांबले होते. उखाला त्यांच्याकडे बघवेना. मेलेल्या माणसाला भित्रा म्हणत होते लोक, आणि उखा पट्ट्या कापत होता.

"उखाभाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "कुलूप त्यासनीच लायं व्हतं का?"

हो म्हणणं सोपं होतं. महिनाभर तो न बोलता हेच म्हणत आला होता.

"नही, वहिनी," तो म्हणाला. "त्यासनी नही."

एवढंच बाहेर पडलं. सरस्वतीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा एक पुस्तक उचलून त्यावरची धूळ पदरानं पुसू लागल्या. कोणी लावलं, असा एकच प्रश्न राहिला होता. त्या तो विचारतील या धास्तीनं उखाला महिनाभर अन्न गोड लागलं नव्हतं. आणि आता, त्यांच्या वाकलेल्या पाठीकडे बघताना, त्या तो कधीच विचारणार नाहीत याचीच त्याला भीती वाटू लागली.